पापुआच्या डोंगरात नर्स म्हणून जाणारीला

आमच्या गल्लीतली एक मुलगी नर्सिंग पुरं करून पापुआ न्यू गिनीला निघाली आहे. एंगा प्रांतात, डोंगरातल्या एका आरोग्य केंद्रात तिला काम मिळालंय. मी त्याच प्रांतात २०१४ ते २०१६ अशी दोन वर्षं होते. परवा ती आईला घेऊन घरी आली. चहा दोनदा झाला तरी तिचे प्रश्न संपेनात. तिला जे सांगितलं ते इथे लिहून ठेवते, तिच्यामागून जाणाऱ्या मुलींनाही उपयोगी पडेल. तिच्याशी बोलले तसंच लिहिते, म्हणून 'तू'च म्हणते.

गेल्यावर पहिल्या आठवड्यात रताळी लाव. बाकी सगळं नंतर.

तिथे रताळं उपवासापुरतं नसतं. आपला भात आणि आपली भाकरी म्हणजे तिथलं रताळं, तिथे त्याला 'काऊकाऊ' म्हणतात. सकाळी निखाऱ्यात भाजलेलं, संध्याकाळी पुन्हा तेच. फोनवर हे सांगितलं तेव्हा माझ्या आईचा जीव भांड्यात पडला. "तितं बी रताळीच व्हय? मग काय काळजी न्हाई," म्हणाली. माझं माहेर जांबोटीच्या पलीकडचं, लहानपणापासून वेल लावलेले. मला वाटलं, हे काम तरी मला येतं. पण तिथली पद्धत वेगळी आहे, आणि ती शिकतानाच गावातल्या बायकांशी माझी ओळख झाली.

आपण पावसाच्या तोंडाला वरंब्यावर वेल लावतो आणि चारेक महिन्यांत शेत एकदम काढून माल बेळगावच्या मार्केट यार्डात नेतो. एंगामध्ये वरंबा नसतो, मातीचा गोल ढीग असतो. जुने वेल, गवत, तण मधोमध रचायचं, थोडं कुजू द्यायचं आणि मग चहूबाजूंनी माती ओढून ते झाकायचं. माझा ढीग तीनेक मीटर रुंद आणि मांडीपेक्षा उंच होता. आतला पाला कुजताना खत होतो आणि ऊबही धरतो. वर जमिनीची उंची दोन हजार मीटरच्या पुढे जाते, निरभ्र रात्री दहिवर गोठतं. थंड हवा जड असते, ती ढिगावरून घसरून खाली साचते आणि माथ्यावरचे वेल वाचतात. म्हणून वेल वरच्या भागात लावायचे, पायथ्याला नाही. माझी शेजारीण मी पायथ्याला खोचलेले वेल न बोलता उपटायची आणि वर लावायची.

पीक यायला तिथे सहा-आठ महिने लागतात, अजून उंचावर त्याहून जास्त. आणि काढायचं तेही एकदम नाही. हाताने माती उकरून मोठं तेवढं घ्यायचं, बारकं वाढू द्यायचं. ढीग हीच कणगी. अगदी बारीक रताळी डुकरांची. डुकरं मोकळी फिरतात आणि कुंपण वाफ्याला असतं, तेव्हा कुंपणाची फळी ओढून आत गेलीस तर परत लावायला विसरू नकोस. आपल्याकडे रानडुकरं रात्रीत शेत उकरून जातात, तसाच तो घोर आहे. पण तिथलं डुक्कर हे घराचं धन असतं. लग्नात, भांडण मिटवताना डुकरंच मोजली जातात.

२०१५ च्या थंडीत मी ते दहिवर पाहिलं. सकाळी सगळा उतार पांढरा होता, दोन दिवसांत वेल काळे पडले. १९७२ आणि १९९७ लाही असंच झालं होतं, म्हातारी माणसं तेच आठवत बसली. पुष्कळ घरं खालच्या खोऱ्यातल्या नातेवाइकांकडे गेली. अशा वेळी उपयोगी पडतो तो 'वानटोक', म्हणजे आपल्या बोलीचा, आपल्या कुळाचा माणूस. देशात आठशेहून जास्त भाषा आहेत, त्यामुळे एका बोलीचा माणूस भेटणं म्हणजे घर भेटणं. आपण सीमेवरची माणसं, हे तुला सांगावं लागणार नाही.

आता प्रवास. सिंगापूरवरून पोर्ट मोर्सबी, तिथून पुन्हा विमानानेच माउंट हेगन, कारण राजधानीपासून डोंगराकडे रस्ताच जात नाही. पुढे गाडीने वाबाग, म्हणजे एंगाचं मुख्य गाव, आणि त्यापुढे रस्ता असेल तसं. स्वेटर दोन ने, कानटोपी ने, गुडघ्यापर्यंतचे गमबूट ने, डोक्याला लावायची बॅटरी ने. बी-बियाणं, वेल, माती लागलेल्या चपला अजिबात नेऊ नकोस, रोग त्यातूनच जातात. पाऊस बहुधा दुपारनंतर येतो, म्हणून दूरच्या वस्तीवर जायचं तर उजाडताच निघ. सोलरवर फोन चार्ज करायचा तोही सकाळीच. घड्याळ आपल्यापेक्षा साडेचार तास पुढे असतं. तिथे रात्रीचे साडेनऊ म्हणजे घरी संध्याकाळचे पाच, आईला त्या वेळी फोन कर.

भाषा टोक पिसिन शीक, ती देशभर चालते आणि महिन्याभरात जमते. दवाखाना 'हाउस सिक', खोकला 'कुस', दम लागणं 'सोटविन', जुलाब 'पेकपेक वारा'. 'मी नो सावे' म्हणजे मला माहीत नाही, हे वाक्य पहिल्या दिवसापासून मोकळेपणाने वापर. लोक तुला 'सिस्टा' म्हणतील.

कामाचं सांगते, कारण तिथे मला सगळ्यात जास्त शिकावं लागलं. घरं ठेंगणी, गवताने शाकारलेली, मधोमध चूल, धुराला वाट नाही. आपल्या आज्यांनी अशाच धुरात डोळे घालवले. तिथे छाती जाते, आणि लहान मुलं न्यूमोनियाने दगावतात. चूल बंद करा असं सांगू नकोस, रात्रीची थंडी त्याच चुलीवर निघते. बाळाला दाराकडच्या बाजूला निजवा, एवढं सांग, ते ऐकतात. मलेरिया उंचावर फारसा नाही, पण किनाऱ्यावरून परतलेल्याला ताप असेल तर तोच आधी तपास.

मुलाचं पोट अचानक फुगलं, उलट्या, शौचातून रक्त, असं दिसलं तर विचार, "यू काइकाइ पिक?" म्हणजे डुक्कर खाल्लंस का. या आजाराला 'पिगबेल' म्हणतात. रोजच्या जेवणात रताळंच, प्रथिनं कमी, आणि रताळ्यातच असा एक घटक असतो जो आतड्यातलं प्रथिन पचवणारं विकर अडवतो. मेजवानीच्या मांसात वाढलेल्या जंतूचं विष मग मोडत नाही, आतडं सडायला लागतं. अशा मुलाला केंद्रात ठेवून वाट पाहू नकोस, लगेच वरच्या मोठ्या दवाखान्यात पाठव.

वर पाठवणं म्हणजे उचलून नेणं. दोन बांबू, मध्ये पोतं किंवा घोंगडी, आळीपाळीने खांदे. खानापूरच्या जंगलातल्या आमगावहून पावसात पेशंट कसे आणतात हे मी पाहिलंय, म्हणून मला ते नवं वाटलं नाही, पण दुःख तितकंच झालं. सलाइन लावूनच निघ, वाटेत शीर सापडत नाही. नदी असेल तर अलीकडेच थांबून नाडी बघ.

कुणी गेलं तर मृत्यूचं कारण घरच्यांना बसवून, सोप्या शब्दांत, दोनदा सांग. "काय झालं कळलं नाही" असं सैल बोलू नकोस. कारण कळलं नाही की जादूटोण्याचा संशय येतो, आणि तो बहुधा एखाद्या बाईवर येतो. तिला मारहाण होते, जाळतातही. जादूटोणा खरा मानणारा तिथला जुना कायदा २०१३ साली रद्द झाला, संशय मात्र गेला नाही. भानामतीच्या नावाखाली बायकांना छळलेलं आपल्या जिल्ह्यांतही लोकांना ठाऊक आहे. तुझ्या दोन वाक्यांनी एक बाई वाचू शकते, हे रोज लक्षात ठेव.

कुळांच्या भांडणात कुणाची बाजू घेऊ नकोस, दोन्हीकडच्या जखमा सारख्याच बांध. पुरुषांचं घर वेगळं असतं, त्यात पाय ठेवू नकोस. 'मुमू'ला बोलावतील, म्हणजे खड्ड्यात तापलेल्या दगडांवर केळीच्या पानांत शिजवलेलं डुक्कर आणि रताळी. मांस खात नसशील तरी हातात घे आणि शेजारच्या मुलाला दे, परत सारू नकोस. सुपारी सगळे खातात, ती किनाऱ्यावरून येते. तिच्यासोबत पान नसतं, त्याच पानवेलीचं कणीस असतं, चुन्यात बुडवून चावतात. मला आवडली होती, पण तोंडाचा कॅन्सर तिथे फार, तू लांबच राहा.

झोपायची खोली घेताना वरचा उतार बघ. झाडं वाकलेली, जमिनीला भेगा, झऱ्याचं पाणी अचानक गढूळ, असं काही दिसलं तर जागा बदलून माग. २४ मे २०२४ च्या पहाटे एंगामधल्या यांबाली गावावर डोंगर कोसळला, शेकडो माणसं झोपेतच गाडली गेली. भारत सरकारने तेव्हा दहा लाख डॉलरची मदत जाहीर केली होती. मी त्या रस्त्याने गेलेली आहे. बातमी बघताना आमच्या घरात त्या दिवशी चूल पेटली नाही.

निघायचा दिवस ठरला की तुझ्या ढिगातली मोठी रताळी काढ, शेजारणींना वाट. घोंगडी, पातेली, गमबूट त्यांनाच ठेव. वेल मात्र उपटू नकोस. माझ्याकडून वेलाचे पैसे कुणी घेतले नव्हते, माझ्या शेजारणीनेच 'बिलुम'मध्ये, कपाळावरून पाठीवर सोडतात त्या विणलेल्या पिशवीत, भरून आणून दिले होते. जाताना तिला ढीग दाखव आणि हा तुझा, असं सांगून ये.