पर्ससीनचा वाद तर्कनकाशावर कसा मांडावा

मालवण-देवगडच्या किनाऱ्यावर पर्ससीनचा, म्हणजे माशांच्या थव्याला वेढणाऱ्या जाळ्याने होणाऱ्या मासेमारीचा, विषय निघाला की बैठक लांबते आणि शेवटी जो तो आपापल्या जागी ठाम राहतो. एक जण मत्स्यदुष्काळाबद्दल बोलतो, दुसरा बोटीवरच्या कर्जाबद्दल. दोघांचंही खरं असतं, पण एकाचं उत्तर दुसऱ्याला मिळतच नाही. असा गुंता सोडवायला तर्कनकाशा फार उपयोगी पडतो. वर मुख्य दावा, त्याखाली बाजूची आणि विरोधातली कारणं, आणि त्या कारणांखाली त्यांच्यावरचे आक्षेप.

सॉफ्टवेअर मोफत मिळतं. किआलो ब्राउझरमध्ये चालतं. त्यात बाजूचे मुद्दे हिरवे, विरोधातले लाल दिसतात आणि अनेकांना एकाच नकाशात भर घालता येते. आर्गडाउनमध्ये साधा मजकूर लिहायचा. ओळीआधी अधिकचं चिन्ह दिलं की आधार, वजाचं दिलं की विरोध, आणि त्यावरून नकाशा आपोआप तयार होतो. ते संगणकावर बसवून घेतलं की पावसात रेंज गेली तरी काम अडत नाही.

आधी मुख्य दावा नीट लिहा. ‘पर्ससीन वाईट’ एवढ्यावर वाद घालता येत नाही. २०१६ च्या शासन आदेशाने पर्ससीनला १ सप्टेंबर ते ३१ डिसेंबर एवढाच हंगाम दिला. तेव्हा ‘राज्याच्या १२ सागरी मैलांच्या हद्दीत पर्ससीन मासेमारी वर्षभर बंद करावी’ असं लिहा. आता कोण कशाला हो म्हणतंय ते कळेल.

मग लोकांचं बोलणं फोडा. एका चौकटीत एकच पूर्ण वाक्य. समजा, कोणी म्हणालं, “पर्ससीनवाले सगळो मासो गोळा करून नेतत, आमच्या रापणीक काय गावतला? आणि सरकार नुसता बघीत रवता.” यात तीन विधानं आहेत. पर्ससीनचं जाळं थव्याला वेढा घालून खालून आवळतं, म्हणून एका वेळी खूप मासळी उचलतं. त्यामुळे किनाऱ्यावरून ओढायच्या रापणीला मासळी कमी येते. नियम मोडणाऱ्यांवर पुरेशी कारवाई होत नाही. पहिली दोन बंदीच्या बाजूने जातात. तिसरं मात्र जपून ठेवा. आहे तोच नियम पाळला जात नसेल तर नवी बंदी कोण पाळणार, असं समोरचा म्हणू शकतो. ते विधान दोन्हीकडे लागतं.

यापुढचं काम सगळ्यात महत्त्वाचं आणि सगळ्यात जास्त टाळलं जाणारं. पहिल्या विधानावरून दुसरं निघायला मध्ये एक न बोललेलं गृहीतक लागतं: पर्ससीनने उचललेली मासळी एरवी रापणीपर्यंत आली असती. तत्त्वज्ञ स्टीफन टुलमिन यांनी १९५८ साली दावा, पुरावा आणि त्यांना जोडणारा हा दुवा वेगवेगळे करून दाखवले. ही चौकट नकाशात मुद्दाम घाला, कारण खरा मतभेद बहुतेक वेळा इथेच असतो. तारलीसारखी मासळी समुद्राच्या तापमानानुसारही कमीजास्त होते, हा आक्षेप तिच्याखाली बसतो. बांगड्याचं आणि तारलीचं उत्तर एकच असेल असं धरून चालू नका, प्रजातीनुसार चौकटी करा. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेचे आकडे वापरले तर वर्ष आणि प्रजाती तिथेच लिहा.

एलईडी दिव्यांच्या उजेडाने मासे गोळा करून पकडण्याचा मुद्दा इथे आणू नका. त्या मासेमारीवर केंद्राने २०१७ मध्येच बंदी घातली आहे, तिचा नकाशा वेगळा काढा. दोन्ही एकत्र केले की पर्ससीन मालकाचं म्हणणं धड ऐकलंच जात नाही. त्याच्या बाजूच्या चौकटी, म्हणजे कर्ज, खलाशांचा रोजगार, बर्फ आणि वाहतुकीचे धंदे, त्याच्याचकडून वाचून घ्या. “माझं म्हणणं हेच” असं तो म्हणेपर्यंत शब्द बदला.

चौकटी मोजून निकाल लावू नका. किआलोत मुद्द्याच्या वजनाला मत देता येतं, पण ते पुरावे भरून झाल्यावरच द्यावं असं मला वाटतं. आधी नकाशा खालून वर वाचा आणि ज्यांच्याखाली काहीच पुरावा नाही अशा चौकटींवर खूण करा. खुणा केलेल्या चौकटींतून मत्स्यव्यवसाय विभागाला विचारायचे प्रश्न निघतात. ते प्रश्न माहिती अधिकाराच्या अर्जात, प्रजाती, बंदर आणि वर्ष घालून लिहा.