शेंगदाण्यातलं अफ्लाटॉक्सिन: बुरशीचं विषाचं बटण बंद कसं ठेवायचं

शेंगदाण्याच्या दोन फाका वेगळ्या केल्या आणि मधे पोपटी-पिवळसर भुकटी दिसली तर ती बहुतेक अ‍ॅस्परजिलस फ्लेव्हस ही बुरशी असते, अफ्लाटॉक्सिन नावाचं विष बनवणारी. १९६० मध्ये इंग्लंडात लाखभर टर्की पक्षी शेंगदाणा पेंड खाऊन मेले, तिथून हे विष कळलं. आणि १९७४ मध्ये आपल्या शेजारी, राजस्थानातल्या बांसवाडा आणि गुजरातेतल्या पंचमहालच्या गावांत बुरशी लागलेला मका खाऊन शंभरावर माणसं दगावली, म्हणून कळकळीने लिहितोय.

ही बुरशी मातीत असतेच, ती मुळापासून घालवता येत नाही. पण बुरशी आहे म्हणजे विष आहेच असं नाही! विष बनवायला पंचवीस-तीस जीन (पेशीला काय बनवायचं ते सांगणाऱ्या सूचना) लागतात, ते एकाच क्रोमोसोमवर, म्हणजे गुणसूत्रावर, शेजारी-शेजारी बसलेत आणि अ‍ॅफ्ल-आर नावाचा जीन त्यांचं मेन बटण आहे, त्याच्याही वर ले-ए नावाचा साहेब. हे दोघं भोवतालचं तापमान, उजेड, खाणं बघून काम करतात. मला सगळ्यात भारी वाटतं ते हे की ३७ अंशाला बुरशी जोमात वाढते पण विषाचे जीन जवळपास गप्प असतात, आणि २८-३० अंशाला तेच जोरात चालू होतात.

म्हणजे लक्ष कुठे द्यायचं? शेंगा भरतात ते शेवटचे चार-सहा आठवडे. तेव्हा पाण्याचा ताण पडला की माती नेमकी त्या तापमानात जाते, वर दाण्याची स्वतःची बुरशीशी लढायची ताकदही पाण्याअभावी संपते, म्हणून पाण्याची एखादी पाळी वाचवायची असेल तर आधीची वाचवा, ही नको. खुरपताना शेंगांना इजा करू नका, आणि पीक तयार झालं की काढणी लांबवू नका.

उपटल्यावर वेल उलटे ठेवा, शेंगा वर, दोन-तीन दिवस. मग तोडून ताडपत्रीवर पातळ पसरून वाळवा, संध्याकाळी झाकायचं विसरू नका कारण दव पडलं की दिवसाची मेहनत वाया. ओलावा ८ टक्क्यांच्या खाली आला पाहिजे. मीटर नसेल तर शेंग कानाशी हलवा, दाणे खुळखुळ वाजले पाहिजेत आणि दाण्याचं लाल साल बोटांनी चोळलं की सुटलं पाहिजे. पोती फळीवर, भिंतीपासून लांब.

घरी सुरकुतलेले, काळपट, फुटके दाणे निवडून काढा. विष डोळ्यांना दिसत नाही, त्यामुळे निवडून सगळा धोका जात नाही, पण बराच कमी होतो. भाजून किंवा शिजवून ते पूर्ण जात नाही हे घरात सगळ्यांना सांगा. आणि काढलेले दाणे गाई-म्हशींना अजिबात घालू नका, ते विष रूप बदलून दुधात उतरतं आणि ते दूध आपलीच पोरं पितात.