सुरणाची बुंधेकूज: पाणी आणि जखम दोन्ही टाळा

सुरणाच्या कंदाला एका वेळी एखाद-दुसरेच पान येते. ते कोलमडले की कंद पोसत नाही. मराठवाड्याच्या काळ्या भारी जमिनीत हे पान बहुधा बुंधेकुजीने जाते, म्हणून सगळे लक्ष तिच्यावर ठेवा.

ओळख सोपी आहे. जमिनीलगत देठ तपकिरी आणि मऊ पडतो, पांढरी बुरशी दिसते आणि तिच्यावर मोहरीएवढे दाणे धरतात. हे दाणे मातीत वर्षानुवर्षे टिकतात. सोयाबीन, भुईमूग आणि हरभऱ्यातही हीच बुरशी बुंधेकूज आणते. ज्या वावरात त्यांची झाडे जागच्या जागी मेली, तिथे सुरण लावूच नका. उन्हाळ्यात खोल नांगरट करा आणि काडीकचरा वेचून बाहेर काढा.

सपाट वाफ्यात लावण नको. हळदीसारखे गादीवाफे करा, ठिबक टाका आणि चर काढून पावसाचे पाणी वाहते ठेवा.

बेणे अर्धा ते एक किलोचे घ्या, प्रत्येक फोडीला मधल्या डोळ्याचा भाग हवा. शेणाच्या काल्यात बेण्याच्या किलोमागे 5 ग्रॅम ट्रायकोडर्मा (रोगाच्या बुरशीला मारणारी उपयोगी बुरशी) कालवून बेणे बुडवा आणि सावलीत सुकवा. एकरी 2 किलो ट्रायकोडर्मा 100 किलो चांगल्या कुजलेल्या शेणखतात मिसळून बुंध्याशी द्या. बुरशीनाशक त्याच वेळी दिले तर ट्रायकोडर्मा मरतो आणि पैसे वाया जातात.

खुरप्याचा घाव बुंध्याला लागला की बुरशीला वाट मिळते, म्हणून बुंध्यालगतचे तण हातानेच उपटा. परतीच्या पावसात रोज फेरी मारा. रोगट झाड मातीसकट उपटून जाळा. शेजारच्या झाडांना कार्बेन्डाझिम 1 ग्रॅम किंवा कॅप्टन 2 ग्रॅम हे बुरशीनाशक प्रति लिटर पाण्यात मिसळून बुंध्याशी आळवणी करा, झाडाला अर्धा ते एक लिटर.

पानावर पाणी भरल्यासारखे ठिपके दिसले तर तो करपा. ढगाळ हवेत मँकोझेब 2.5 ग्रॅम प्रति लिटर फवारा. पान गुळगुळीत असते, स्टिकर (औषध पानाला चिकटवणारे द्रव) विसरू नका. पाने पिवळी-हिरवी चट्टेदार आणि आखडलेली असतील तर तो मोझॅक. त्यावर औषध नाही. झाड उपटा आणि त्या कंदाचे बेणे मुळीच धरू नका.

साठवणीत पिठ्या ढेकूण डोळ्याभोवती कापसासारखा बसतो. कंद मऊ ब्रशने साफ करा आणि हवेशीर सावलीत एकाच थरात पसरा. ढीग मारला तर एका कुजक्या कंदापायी शेजारचेही जातात.