मृगाआधी चेनसॉ बाहेर काढताना: टू-टी ऑइलची निवड आणि पेट्रोलचे मिश्रण

मे महिन्याच्या अखेरीस कोकणात आंब्याची काढणी आटोपत येते आणि घरावर, गोठ्यावर किंवा विजेच्या तारांकडे झुकलेल्या फांद्या पाऊस लागण्यापूर्वी उतरवण्याची घाई सुरू होते. ३ जून २०२० रोजी रायगडच्या किनाऱ्यावर आदळलेल्या निसर्ग चक्रीवादळाने श्रीवर्धन, मुरूड, दापोली, मंडणगड या भागांतील नारळ-सुपारीच्या बागा आडव्या केल्या आणि पुढच्याच वर्षी मे महिन्यात तौक्ते किनाऱ्याजवळून गेले, तेव्हा वाडीतली पडलेली झाडे हटवण्यासाठी चेनसॉ, म्हणजे पेट्रोलवर चालणारी साखळी-करवत, किती उपयोगी पडते हे बागायतदारांनी पाहिले. अशी यंत्रे मे-जूनमध्ये काही दिवस सलग चालतात आणि नंतर चार महिने दमट हवेत पडवीच्या कोपऱ्यात पडून राहतात. त्यांचे बिघाड पाहिले तर पुष्कळ वेळा मूळ कारण यंत्रात नसते, तर टाकीत काय आणि किती ओतले यात असते.

चेनसॉच्या टू-स्ट्रोक इंजिनात इंजिन ऑइलसाठी वेगळी टाकी किंवा चेंबर नसतो. पेट्रोलात मिसळलेले ऑइल पेट्रोलबरोबरच क्रँककेसमध्ये शिरते, बेअरिंग, कनेक्टिंग रॉड, पिस्टन आणि सिलिंडर यांना वंगण देते आणि शेवटी जळून सायलेन्सरवाटे बाहेर पडते. याचा सरळ अर्थ असा की टाकीतल्या मिश्रणात ऑइल नसेल तर इंजिनात कुठेच ऑइल नसते, आणि अशा अवस्थेत पूर्ण थ्रॉटलवर चाललेले चेनसॉ काही मिनिटांत सीज होऊ शकते, म्हणजे पिस्टन सिलिंडरमध्ये अडकून बसतो. दोन-स्ट्रोक स्कूटर वापरलेल्या पिढीला पंपावरचे टू-टी, म्हणजे टू-स्ट्रोक इंजिनाचे ऑइल परिचयाचे आहे. परंतु त्या स्कूटरचे इंजिन मिनिटाला सहा हजार फेऱ्यांच्या आसपास आपली पूर्ण ताकद देत असे, तर चेनसॉ भाराविना बारा ते चौदा हजार फेऱ्यांपर्यंत जाते आणि केवळ फ्लायव्हीलच्या पंख्याच्या वाऱ्यावर थंड होते. म्हणून स्कूटरला चालले ते याला चालेलच असे गृहीत धरता येत नाही.

ऑइल घेताना डब्याचा रंग, किंमत किंवा दुकानदाराची शिफारस यांपेक्षा मागच्या बाजूला छापलेली प्रतवारी वाचावी. हवेने थंड होणाऱ्या टू-स्ट्रोक इंजिनांसाठी जपानी जासो प्रतवारीत एफबी, एफसी आणि एफडी असे चढते दर्जे आहेत. एफसीमध्ये धूर कमी होतो आणि एफडीमध्ये त्याशिवाय पिस्टन स्वच्छ ठेवण्याची क्षमता अधिक असते. आयएसओ या आंतरराष्ट्रीय मानक संस्थेच्या ईजीबी, ईजीसी, ईजीडी या खुणा साधारणपणे याच क्रमाशी जुळतात. जुन्या पद्धतीच्या डब्यांवर केवळ एपीआय टीसी अशी अमेरिकी प्रतवारीची खूण असते. आमच्या मते बागेतल्या जड कामासाठी एफडी किंवा ईजीडी दर्जाचेच ऑइल घ्यावे, कारण लिटरमागे लागणारे ऑइल इतके थोडे असते की दर्जातल्या फरकाची किंमत एका पिस्टन-सिलिंडर किटच्या खर्चापुढे नगण्य ठरते. किनारपट्टीवर एक सावधगिरी अधिक हवी. टीसी-डब्ल्यू३ अशी खूण असलेले ऑइल पाण्याने थंड होणाऱ्या, बोटींच्या आउटबोर्ड इंजिनांसाठी असते. ते उत्तम दर्जाचे असले तरी चेनसॉच्या उष्णतेसाठी बनवलेले नसते आणि चेनसॉ उत्पादकांच्या पुस्तिका त्याला स्पष्ट मनाई करतात. मोटारसायकलचे फोर-टी (फोर-स्ट्रोक) ऑइल, ट्रॅक्टरचे इंजिन ऑइल आणि गाडीतून काढलेले जळके ऑइल यांचा तर या कामी विचारही करू नये.

प्रमाण हा सर्वांत अधिक गोंधळाचा विषय आहे आणि त्याचे एकच उत्तर नाही. ५० भाग पेट्रोलास १ भाग ऑइल म्हणजे लिटरला २० मिलिलिटर, ४० ला १ म्हणजे २५ मिलिलिटर, ३३ ला १ म्हणजे सुमारे ३० मिलिलिटर आणि २५ ला १ म्हणजे ४० मिलिलिटर. स्टिल या चेनसॉ कंपनीच्या अनेक मॉडेलांच्या पुस्तिकेत कंपनीचे स्वतःचे ऑइल वापरल्यास ५० ला १ आणि टीसी दर्जाचे इतर ऑइल वापरल्यास २५ ला १ असे सांगितलेले असते, तर हस्कवर्ना या दुसऱ्या कंपनीच्या अनेक पुस्तिकांत स्वतःच्या ऑइलसाठी ५० ला १ आणि इतर योग्य ऑइलसाठी ३३ ला १ असे प्रमाण आढळते. कमी किमतीच्या आयात यंत्रांवर बहुधा २५ ला १ किंवा ४० ला १ असे लिहिलेले असते. म्हणजे प्रमाण यंत्रावरही ठरते आणि ऑइलवरही. शेजाऱ्याच्या यंत्राचे प्रमाण आपल्या यंत्राला लावणे हा त्यातला सर्वांत महागडा शॉर्टकट आहे. पुस्तिका हरवली असेल तर टाकीच्या झाकणावरची किंवा यंत्राच्या अंगावरची खूण पाहावी, आणि तीही नसेल तर विक्रेत्याकडून मॉडेलप्रमाणे लेखी माहिती घ्यावी.

‘थोडे जास्तच घाला, इंजिन सुरक्षित राहील’ हा मेस्त्रींचा सल्ला अर्धाच खरा आहे. ऑइल कमी पडले तर नुकसान तत्काळ आणि कायमचे होते, जास्त झाले तर हळूहळू होते, एवढाच फरक. ऑइलचा अंश वाढला की तेवढ्याच मिश्रणात पेट्रोल कमी जाते आणि कार्ब्युरेटरची मूळ मांडणी बिघडते. स्पार्क प्लग ओला व काळा पडतो, सायलेन्सरच्या जाळीत आणि एक्झॉस्टच्या तोंडाशी कार्बन साचतो आणि यंत्र दमल्यासारखे वागू लागते.

मोजमाप बाटलीच्या बुचाने करू नये, कारण प्रत्येक बुचाचे माप वेगळे असते. औषधाच्या दुकानात मिळणारी २० मिलिलिटरची सुई नसलेली सिरिंज या कामाला पुरेशी आहे. ५० ला १ प्रमाणासाठी एक भरलेली सिरिंज म्हणजे एक लिटर पेट्रोलचे ऑइल. मिश्रण यंत्राच्या टाकीत कधीही करू नये. इंधनासाठी बनवलेल्या स्वच्छ, कोरड्या कॅनमध्ये आधी निम्मे पेट्रोल घ्यावे, त्यात मोजलेले ऑइल घालून चांगले हलवावे, मग उरलेले पेट्रोल घालून पुन्हा हलवावे, आणि टाकी भरताना प्रत्येक वेळी कॅन हलवूनच जाळीच्या नरसाळ्यातून ओतावे. पाण्याच्या बाटलीत पेट्रोल ठेवणे धोक्याचे आहे, हे वेगळे सांगायला नको, तरीही बहुतेक वाड्यांत तेच दिसते. कॅनवर प्रमाण आणि तारीख ठळकपणे लिहावी. ऑइलला दिलेला निळा किंवा हिरवा रंग मिश्रणात ऑइल आहे एवढेच दाखवतो, किती आहे ते दाखवत नाही. ज्यांच्याकडे फोर-स्ट्रोक गवत कापणी यंत्रही आहे त्यांनी अधिक जपावे, कारण त्याला साधे पेट्रोल लागते, त्याचे ऑइल वेगळ्या चेंबरमध्ये असते आणि घाईत दोन्ही कॅनची अदलाबदल सहज होते. गरम इंजिनात इंधन भरू नये, आणि भरल्यानंतर किमान तीन मीटर दूर जाऊनच यंत्र सुरू करावे.

अलीकडे यात एक नवा घटक आला आहे. देशभरातील पंपांवर आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते, तर चेनसॉच्या अनेक पुस्तिका केवळ १० टक्क्यांपर्यंत मुभा देतात. इलेक्ट्रॉनिक नियंत्रणाच्या काही मॉडेलना मात्र २५ टक्क्यांपर्यंतही चालते. इथेनॉलमध्ये ऑक्सिजन असल्यामुळे, जुन्या पेट्रोलवर जुळवलेल्या कार्ब्युरेटरमध्ये हवा-इंधनाचे मिश्रण विरळ होते, म्हणजे हवेच्या मानाने इंधन कमी पडते, आणि इंजिन अधिक तापते. म्हणून जुने यंत्र असेल तर हंगामापूर्वी कार्ब्युरेटरचे एच आणि एल (जास्त आणि कमी वेगाला इंधन किती जावे हे ठरवणारे) स्क्रू जाणकाराकडून जुळवून घ्यावेत. कानाच्या अंदाजाने एच स्क्रू आवळत जाणे धोक्याचे आहे, कारण तसे केल्याने आवाज जोरकस होतो आणि पिस्टन जळतो. दुसरी अडचण पावसाळ्यातली आहे. इथेनॉल हवेतील ओलावा शोषून घेते, आणि ओलावा मर्यादेपलीकडे गेला की इथेनॉल व पाणी एकत्र येऊन तळाशी बसतात, ऑइल मात्र वरच्या पेट्रोलात राहते. टाकीतील फिल्टर तळाशीच असल्याने इंजिनाला तेव्हा ऑइलविरहित थर मिळतो. यावर सोपा उपाय एकच आहे: आठवड्याभरात संपेल इतकेच मिश्रण करावे, महिन्यापेक्षा जुने वापरू नये आणि कॅनचे झाकण घट्ट ठेवून तो सावलीत ठेवावा. शंका असल्यास थोडे मिश्रण काचेच्या पारदर्शक भांड्यात काही वेळ स्थिर ठेवून पाहावे. ते गढूळ दिसले किंवा तळाशी वेगळा थर दिसला तर ते टाकीत घालू नये. असे खराब मिश्रण विहिरीजवळ, पऱ्यात (ओढ्यात) किंवा झाडाच्या बुंध्याशी ओतू नये. ते गॅरेजमध्ये जळक्या ऑइलबरोबर द्यावे.

काम सुरू असताना प्लग बरेच काही सांगतो. फिकट तपकिरी रंग ठीक. काळा व ओला असल्यास ऑइल जास्त किंवा एअर फिल्टर चोंदलेला. पांढुरका असल्यास हवा-इंधनाचे मिश्रण विरळ आहे आणि यंत्र तिथेच थांबवावे. कापताना भुश्शाऐवजी पीठ पडू लागले तर दोष इंधनाचा नाही, साखळी बोथट झाली आहे. बोथट साखळीने तासभर दाबून कापणे हे इंजिनावर कमी ऑइलइतकेच अन्यायकारक आहे. मोठा बुंधा कापून झाल्यावर यंत्र एकदम बंद न करता थोडा वेळ मंद गतीवर चालू द्यावे, म्हणजे पंख्याचा वारा सिलिंडरची उष्णता काढून नेईल.

साखळीच्या टाकीत घालायचे ऑइल पूर्णपणे वेगळे असते. त्यासाठी चिकटपणा असलेले चेन-बार ऑइल वापरावे. जळक्या ऑइलमधले धातूचे कण ऑइल पंप झिजवतात आणि त्याचे तुषार कापणाऱ्याच्या अंगावर व बागेच्या मातीवर उडतात.

जूनमध्ये काम संपले की टाकी रिकामी करावी, मग यंत्र सुरू करून ते आपोआप बंद पडेपर्यंत मंद गतीवर चालवावे, म्हणजे कार्ब्युरेटरच्या पातळ पडद्यांना चिकटून राहणारे मिश्रण संपते. इंजिन थंड झाल्यावर प्लग काढून सिलिंडरमध्ये टू-टी ऑइलचे काही थेंब सोडावेत, स्टार्टरची दोरी दोन-तीन वेळा सावकाश ओढावी आणि प्लग परत बसवावा. एअर फिल्टर साफ करून यंत्र जमिनीवर न ठेवता फळीवर, कोरड्या जागी ठेवावे. ऑक्टोबरमध्ये गवत वाळू लागल्यावर ते पुन्हा बाहेर निघेल तेव्हा इंधनाची नळी कडक झाली आहे का, तिला चिरा गेल्या आहेत का हे आधी पाहावे, आणि कॅनमध्ये जूनचे काही शिल्लक असेल तर ते बाजूला ठेवून नवे मिश्रण करावे.