वेबसाइटचा विषय ठरवण्याआधी पहिलं पान वाचा

नवीन वेबसाइट सुरू करायला निघालेली मंडळी सल्ला विचारायला येतात, तेव्हा बहुतेकांच्या हातात एखादा आकडा असतो. 'या विषयावर गूगलमध्ये चार कोटी निकाल येतात, म्हणजे स्पर्धा भयंकर आहे ना?' किंवा उलट, 'शोधशब्दांची माहिती देणाऱ्या टूलमध्ये कॉम्पिटिशन लो दाखवतंय, मग हाच विषय घेऊ का?' मी त्यांना एकच विचारतो, पहिल्या पानावरचे दहा निकाल उघडून वाचलेत का? फार थोड्यांनी वाचलेले असतात. बरीच वर्षं वेबसाइट उभ्या करण्याचं काम केल्यावर माझं मत पक्कं झालं आहे: विषयाची स्पर्धा जोखायची तर ते दहा निकाल स्वतः वाचण्याला पर्याय नाही.

निकालांच्या संख्येचं आधी बघू. गूगल दाखवतं तो आकडा अंदाजे असतो. शोध तोच ठेवून थोड्या वेळाने पुन्हा पाहिलं तरी तो बदलू शकतो. कोट्यवधी निकाल आहेत असं सांगूनही प्रत्यक्षात तुम्हाला त्यातले काहीशेच उलटता येतात. आणि वाचणारा माणूस तर क्वचितच दुसऱ्या पानावर जातो. त्यामुळे पन्नास हजार निकाल आणि पाच कोटी निकाल यांतला फरक तुमच्या दृष्टीने जवळपास शून्य आहे. तुमची गाठ पडणार ती वरच्या दहांशी.

दुसरा घोटाळा गूगलच्या कीवर्ड प्लॅनरमुळे होतो. कीवर्ड म्हणजे लोक शोधपट्टीत टाकतात तो शब्द किंवा वाक्प्रचार. त्यात 'कॉम्पिटिशन' असा रकाना असतो आणि त्यात लो, मीडियम, हाय असं लिहिलेलं असतं. हे टूल जाहिरातदारांसाठी बनवलेलं आहे. त्या शब्दावर जाहिरात लावायला किती जण उत्सुक आहेत, एवढंच तो रकाना सांगतो. लेख वर आणणं किती कठीण आहे याच्याशी त्याचा संबंध नाही. ज्या शब्दावर एकही जाहिरात नाही, तिथे पहिल्या पानावर विकिपीडिया आणि विद्यापीठांची पानं ठाण मांडून बसलेली असू शकतात. नवख्यांनी या एका रकान्यावर विसंबून विषय निवडलेले मी पुन्हा पुन्हा पाहतो, म्हणून हे इतकं ठासून सांगतोय.

मग 'कीवर्ड डिफिकल्टी', म्हणजे एखाद्या शोधावर वर येणं किती कठीण याचा आकडा, देणारी टूल्स आहेत, उदाहरणार्थ एएचरेफ्स, सेमरश, मोझ. त्यांचा आकडा कशापासून बनतो हे माहीत असेल तर तो उपयोगी पडतो. एएचरेफ्सचा आकडा मुख्यतः वरच्या दहा पानांना किती वेगवेगळ्या साइट्सनी लिंक दिली आहे यावर उभा आहे. यामागचं कारण जुनं आहे. 1998 साली लॅरी पेज आणि सर्गी ब्रिन यांनी गूगल सुरू केलं ते पेजरँकच्या कल्पनेवर, म्हणजे एका पानाने दुसऱ्याला दिलेली लिंक हे एक प्रकारचं मत मानायचं. आज लिंकशिवाय कितीतरी गोष्टी मोजल्या जातात, पण लिंकचं वजन संपलेलं नाही. मोझची 'डोमेन ऑथॉरिटी', म्हणजे अख्खी साइट किती वजनदार आहे याचा गुण, 1 ते 100 मध्ये असते आणि ती मोझची स्वतःची मोजणी आहे, गूगल ती वापरत नाही. म्हणून एकाच टूलमधले दोन कीवर्ड एकमेकांशी ताडून पाहा. एका टूलचा 30 आणि दुसऱ्या टूलचा 30 एकच समजू नका. टूलने यादी छाटायची, निर्णय घ्यायचा नाही.

आता माझी पद्धत सांगतो. समजा, शिलाई मशीन हा विषय मनात आहे. मी आधी पंचवीस-तीस शोध लिहून काढतो. ते डोक्यातून काढत नाही. शोधपट्टीत अर्धा शब्द टाइप केल्यावर जी सुचवणी येते ती, निकालांमध्ये येणारे 'लोक हेही विचारतात' छापाचे प्रश्न आणि तळाशी येणारे संबंधित शोध, यांतून उचलतो. मग ब्राउझरची खासगी (इन्कॉग्निटो) विंडो उघडून एकेक शोध घेतो. खासगी विंडोने तुमचा शोध-इतिहास बाजूला राहतो, पण तुम्ही कुठून शोधताय हे गूगलला तरीही कळतं, एवढं भान ठेवायचं.

नुसतं 'शिलाई मशीन' शोधलं तर वर दुकानं येतात. मोठ्या खरेदी-साइट्स, कंपन्यांची पानं, किमती. म्हणजे शोधणाऱ्याला खरेदी करायची आहे असं गूगलने धरलेलं आहे. इथे तुमचा लेख कितीही उत्तम असला तरी तो येण्याची शक्यता फार कमी, कारण इथे लेखच मागितलेला नाही. अशा शोधावर फुली मारा आणि पुढे चला.

आता 'शिलाई मारताना कापडाखाली दोऱ्याचा गुंता होतो' हा शोध घ्या. इथे माणूस अडलेला आहे आणि त्याला उत्तर हवं आहे. हे दहा निकाल मी शेवटपर्यंत वाचतो. गुंता खाली दिसतो म्हणून अनेकांना बॉबिनचा, म्हणजे खालच्या दोऱ्याच्या रिळाचा, संशय येतो, पण त्याचं नेहमीचं कारण वरच्या दोऱ्यात असतं. कापड दाबणारा पाय खाली असताना दोरा ओवला की तो टेन्शनच्या, म्हणजे दोऱ्याचा ताण धरणाऱ्या, चकत्यांमध्ये नीट बसत नाही. पाय वर उचलून पुन्हा ओवला की बहुतेक वेळा काम होतं. आता बघायचं, की दहांपैकी किती पानं हे स्पष्ट सांगतात? किती पानं उगाच बॉबिनचा स्क्रू फिरवायला लावतात? दोरा नेमका कुठे बसायला हवा याचा जवळून काढलेला फोटो कोणाकडे आहे? वरच्या निकालांत एखादी जुनी चर्चा असेल, तीन ओळींचं उत्तर असेल, किंवा दुसऱ्याच विषयावरच्या मोठ्या साइटचं वरवरचं पान असेल, तर तिथे जागा आहे. टूल त्या शोधाला कठीण म्हणत असलं तरी आहे. उलट दहापैकी सात पानं फोटोंसह, कारणांसह, स्वतः मशीन उघडून लिहिलेली असतील, तर टूल 'सोपं' म्हणालं तरी मी तिथून निघतो.

हे वाचन तुम्ही त्या विषयातले असाल तरच जमतं, हे लक्षात घ्या. दोऱ्याचं खरं कारण ज्याला ठाऊक नाही, त्याला दहाही पानं सारखीच चांगली वाटतील. माझ्या मते विषय निवडताना सर्वांत दुर्लक्षित राहणारी कसोटी हीच आहे. चालू पानांतली चूक किंवा उणीव तुम्हाला दिसत नसेल, तर तुमचं पान त्यांच्यापेक्षा सरस कशामुळे होणार?

आणखी एक खूण मी आवर्जून शोधतो, ती म्हणजे पहिल्या दहात एखादी छोटी साइट. एकट्या माणसाने चालवलेली, फारशा लिंक नसलेली, त्याच विषयाला वाहिलेली. अशी एक-दोन नावं वेगवेगळ्या शोधांत दिसत राहिली तर मला मोठा दिलासा वाटतो, कारण लहान माणसाला इथे वर येता येतं याचा तो पुरावा असतो. मग ती साइट 'वेबॅक मशीन'वर, म्हणजे वेबसाइटच्या जुन्या प्रती साठवणाऱ्या संग्रहात, टाकून पाहतो. ती कधी सुरू झाली, पहिल्या वर्षी किती पानं होती, नंतर काय वाढवलं, याचा बराचसा अंदाज येतो. शोधपट्टीत साइटच्या पत्त्याआधी 'site:' लिहून तिची कोणती पानं गूगलमध्ये आहेत याचाही ढोबळ अंदाज येतो. दहा वर्षांपूर्वी सुरू झालेल्या साइटचं यश पाहून तुम्ही सहा महिन्यांत तसंच होईल असं धरू नये, हेही त्यातून कळतं.

निकालांचं पान स्वतःच तुमचा स्पर्धक झालं आहे, हे आता विसरून चालत नाही. 2014 पासून गूगल काही प्रश्नांची उत्तरं वरच्या चौकटीत देऊ लागलं आणि 2024 पासून एआयने लिहिलेला सारांशही अनेक शोधांवर येतो. 'जीन्ससाठी कितव्या नंबरची सुई' याचं उत्तर, 90 किंवा 100, तिथेच मिळतं. तुमच्या पानावर यायचं कारणच उरत नाही. ज्या प्रश्नांची उत्तरं एका ओळीत संपतात, त्यांवर अख्खी साइट उभी करू नका. जिथे पाहावं लागतं, ताडून बघावं लागतं, तिथेच वाचक आत येतो.

आरोग्य आणि पैसा या विषयांबद्दल नवख्यांना मी स्पष्ट नको म्हणतो, निदान पहिल्या साइटसाठी. चुकीच्या माहितीने माणसाचं नुकसान होऊ शकतं, म्हणून या क्षेत्रात गूगल विश्वासार्हतेला जास्त महत्त्व देतं. निकाल तपासणाऱ्यांसाठीच्या त्याच्या मार्गदर्शिकेत डिसेंबर 2022 मध्ये लेखकाचा प्रत्यक्ष अनुभव हा निकषही जोडला गेला. पदवी, पेशा किंवा संस्था पाठीशी नसेल तर तिथे वर येणं फार कष्टाचं आहे.

आणि स्पर्धाच नसेल तर? बऱ्याचदा त्याचा अर्थ मागणीही नाही असा असतो. गूगल ट्रेंड्स 2004 पासूनचा शोधांचा कल दाखवतं, पण त्यातला 0 ते 100 हा आकडा तुलनेचा आहे, शोधांची संख्या नव्हे. ओळखीचा एखादा विषय शेजारी टाकला की तुमचा विषय किती लहान आहे ते समजतं. मात्र टूलने सर्च व्हॉल्यूम, म्हणजे महिन्याला होणाऱ्या शोधांची संख्या, शून्य दाखवलं म्हणून एखादा लांबलचक प्रश्न लगेच सोडू नका. रोजच्या शोधांपैकी सुमारे 15 टक्के शोध आधी कधीच आलेले नसतात, असं गूगल सांगत आलं आहे. ते कुठल्या टूलमध्ये आधीपासून कसे असतील?

एवढं झाल्यावरही मी साइटवर मोठा खर्च करायला सांगत नाही. निवडलेल्या शोधांवर थोडे, पण मन लावून लिहिलेले लेख टाका आणि सर्च कन्सोल, म्हणजे तुमची साइट गूगलच्या शोधात कशी दिसते ते सांगणारं गूगलचं टूल, जोडा. सुरुवातीला क्लिक मोजत बसू नका, इंप्रेशन (निकालांत तुमचं पान किती वेळा दिसलं) आणि सरासरी स्थान पाहा. तुम्ही विचारही केला नव्हता असे शोध त्या यादीत दिसू लागतील. ज्यांवर तुमचं पान पंधराव्या-विसाव्या जागेपाशी आलं आहे, ते शोध पुन्हा स्वतः घेऊन वरची दहा पानं वाचा आणि त्याच बाजूने पुढचे लेख लिहा. ज्या उपविषयावर काही महिन्यांनंतरही इंप्रेशनच येत नाहीत, तो तूर्त बाजूला ठेवा. सर्च कन्सोल 16 महिन्यांचा तपशील जपून ठेवतं, त्यामुळे पहिल्या दिवसापासून ते जोडलेलं असेल तर पुढच्या वर्षीची तुलना आपोआप हाताशी येते.