सकाळचा डबा, ८.११ ची लोकल आणि पळणं: नवीन रनरनी या चुका टाळा

आमच्या सोसायटीत गेल्या तीन वर्षांत आठ-दहा जणांनी तरी पळायला सुरुवात केली असेल, त्यातले टिकले दोघं-तिघं. बाकीच्यांना विचारलं की सगळ्यांचं उत्तर एकच, वेळच मिळत नाही गं. मला ते शंभर टक्के पटतं कारण माझंही पहिल्यांदा असंच सुटलं होतं. मी डोंबिवलीत राहते, नोकरी फोर्टला, म्हणजे जाऊन येऊन तीन तास प्रवासातच जातात, घरी शाळेत जाणारा मुलगा आणि सासूबाई, आणि सकाळी दोन डबे. तरी आता तीन वर्षं झाली, आठवड्यातून तीनदा पळते. यात मला जे कळलं ते एवढंच की आपण प्लॅन करतो तो कुणा मोकळ्या माणसाचा, आणि मग तो आपल्या आठवड्यात बसत नाही. आपला आठवडा जसा आहे तसा आधी कागदावर मांडा आणि त्यात जेवढं मावतंय तेवढंच पळा. खालच्या बहुतेक चुका इथूनच सुरू होतात.

रोज पळायचं ठरवणं

मी १ जानेवारीला ठरवलं होतं, रोज ५ किलोमीटर. बारा दिवस केलं, तेराव्या दिवशी नडगीची आतली बाजू इतकी ठणकायला लागली की स्टेशनचा जिना उतरताना कठड्याला धरावं लागलं, आणि मग दीड महिना सगळं बंद. हे का होतं ते नीट समजून घ्या. आपलं हृदय आणि फुप्फुसं लवकर सरावतात, तीन-चार आठवड्यांत दम कमी लागतो आणि वाटतं की जमलं बुवा, आता वाढवू. पण हाडं, स्नायूंना हाडाशी जोडणारे कंडरे, तळपाय यांना त्याच सवयीला काही महिने लागतात. म्हणजे दम सांगतो पळ आणि नडगी सांगते थांब, आणि नवीन माणूस दमाचंच ऐकतो. मधला रिकामा दिवस हा आळस नाहीये, पाय त्या दिवशी दुरुस्त होतात.

आठवड्यात तीन दिवस पुरतात, अगदी खरंच पुरतात. जोश क्लार्क नावाच्या माणसाने १९९६ मध्ये सोफ्यावर बसणाऱ्या माणसाला ५ किलोमीटरपर्यंत नेणारा नऊ आठवड्यांचा प्लॅन तयार केला, 'काउच टू ५के', तो आजही जगभर लोक वापरतात आणि त्यातही आठवड्याला तीनच दिवस आहेत. पहिल्या आठवड्यात काय करायचं, तर ५ मिनिटं भरभर चालायचं आणि मग २० मिनिटं आलटून पालटून ६० सेकंद हळू पळायचं, ९० सेकंद चालायचं. बस्स. पंचवीस मिनिटांत संपतं. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसांना आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम किंवा ७५ मिनिटं जोरकस व्यायाम सांगते, तर तीनदा पंचवीस म्हणजे पंचाहत्तर, सुरुवातीला त्यातलं बरंच चालणंच असेल पण रस्ता बरोबर आहे.

फक्त पळण्याचा वेळ मोजणं

पंचवीस मिनिटं पळायचंय म्हणून ६.०० ला निघून ६.२५ ला घरी, असं कधीच होत नाही. शूज सापडणं, लिफ्ट, परत आल्यावर घाम जिरणं, अंघोळ, हे सगळं धरलं की पाऊण तास ते पन्नास मिनिटं होतात. हा हिशोब चुकला की गाडी चुकते, गाडी चुकली की ऑफिसला लेट मार्क, आणि दोनदा असं झालं की घरातले पण म्हणतात कशाला हे नसतं खूळ. म्हणून दारातून बाहेर पडून अंघोळ होईपर्यंतचा वेळ धरा.

माझं मंगळवार, गुरुवार सकाळी आणि रविवारी असं आहे. सोमवार मुद्दाम नाही ठेवला कारण सोमवारी सकाळी घरात जे काही असतं ते तुम्हाला माहितीये. आदल्या रात्री भाजी चिरून डब्यात, कणीक मळून फ्रिजमध्ये, पळायचे कपडे खुर्चीवर, शूज दारापाशी. ५.४० ला बाहेर, ६.१५ ला परत, मग कुकर लावून अंघोळीला. सकाळचा प्रत्येक निर्णय रात्रीच उरकून टाकायचा, कारण अंधारात टी-शर्ट शोधायला लागलं की दहा मिनिटं गेलीच, शिवाय घरातले उठतात ते वेगळंच.

आणि घरी सांगा. मी पहिल्या वेळी कुणाला न सांगता गुपचूप जायचे, मग गॅसवर दूध कुणी बघायचं यावरून कुरबुर. दुसऱ्या वेळी सरळ नवऱ्याला सांगितलं की मंगळवार-गुरुवार दूध आणि मुलाला उठवणं तुझं. त्याच्यासाठी वीस मिनिटांचं काम आहे पण माझा अख्खा प्लॅन त्याच्यावर उभा आहे. बायकांना हे मागायला फार जड जातं, मला कल्पना आहे, तरी मागा.

संध्याकाळी पळणाऱ्यांची चूक वेगळी असते. ऑफिसमधून आल्यावर 'पाच मिनिटं टेकते' म्हणतात आणि तिथेच संपतं. घरात शिरल्या शिरल्या कपडे बदलून लगेच बाहेर, चहासुद्धा परत आल्यावर. जेवण झालं असेल तर मात्र निदान दोन तास जाऊ द्या.

जोरात सुटणं

सगळ्यात जास्त लोक इथे अडकतात म्हणून जरा सविस्तर सांगते. पळणं म्हटलं की शाळेतली शर्यत आठवते आणि माणूस तसाच सुटतो, दोन मिनिटांत धाप, छातीत धडधड, तोंडात लोखंडासारखी चव, आणि मग 'मला पळणं जमतच नाही' हा शिक्का स्वतःच मारून घेतो. अहो तुम्हाला पळणं जमतंय, तुम्ही तिप्पट जोरात पळताय एवढंच. योग्य वेग कसा ओळखायचा, तर पळताना सतराचा पाढा मोठ्याने म्हणता आला पाहिजे. सतरा चोक अडुसष्ट पर्यंत येऊन श्वास तुटत असेल तर वेग कमी करा. इतका कमी की शेजारून भरभर चालणारे आजोबा पुढे गेले तरी चालेल. पहिले दोन महिने घड्याळात पेस, म्हणजे एका किलोमीटरला किती वेळ लागतो ते, बघूच नका, एकूण किती मिनिटं पळालात ते बघा.

मधे चालणं म्हणजे हार, हाही गैरसमजच. १९७२ च्या ऑलिंपिकमध्ये १०,००० मीटर पळलेले अमेरिकन जेफ गॅलोवे यांनी पुढे आयुष्यभर लोकांना पळणं-चालणं-पळणं हीच पद्धत शिकवली, आणि त्या पद्धतीने लोक मॅरेथॉन पूर्ण करतात.

आता त्या नऊ आठवड्यांच्या प्लॅनमधली एक जागा आधीच सांगून ठेवते. पाचव्या आठवड्यात दुसऱ्या दिवशी ८ मिनिटं दोनदा पळायचं असतं आणि तिसऱ्या दिवशी एकदम सलग २० मिनिटं. ते वाचूनच बरेच जण सोडतात. हळू पळत असाल तर ते होतं, आणि नाही झालं तर तोच आठवडा परत करा, दोनदा करा, मी चौथा आणि पाचवा दोन्ही दोन-दोनदा केले आणि नऊचे अकरा आठवडे लागले, काही बिघडलं नाही.

चुकलेला दिवस रविवारी भरून काढणं

मेगाब्लॉक, पाहुणे, मुलाचा ताप, क्लोजिंग, काहीतरी असतंच. मंगळवार गेला, गुरुवार गेला, मग रविवारी तिन्हीचं मिळून एकदम. असं केलं की पायांवर एकाच दिवशी आठवड्याचा भार येतो आणि दुखापत नेमकी तिथेच होते. गेलेला दिवस गेला, सोडून द्या, पुढचा ठरलेला दिवस नेहमीसारखा करा. दोन आठवड्यांपेक्षा जास्त खंड पडला तर एक-दोन आठवडे मागे जाऊन सुरू करा. झोप कापून पळायचं हेही तसंच, रात्री एकला झोपलात तर पाचचा अलार्म बंद करा आणि झोपा, पळणं दुसऱ्या दिवशी ढकला.

दुखतंय, पण कुठे आणि कसं?

पोटऱ्या आणि मांड्या दोन दिवस जड वाटणं नॉर्मल आहे, चालल्यावर मोकळं होतं. पळताना बरगडीखाली चमक आली तर चालायला लागा, श्वास लांब सोडा, आणि पुढच्या वेळी पोटात कमी घालून निघा, अर्धं केळं पुरे होतं. सकाळी पलंगावरून पाय खाली ठेवला की टाचेत कळ येते आणि चार पावलांनी कमी होते, तर तळपायाच्या पट्ट्यावर ताण आलाय, पळणं कमी करा, पोटऱ्या ताणा आणि घरात फरशीवर अनवाणी फिरणं बंद करा. नडगीवर एकाच जागी बोट ठेवल्यावर तीव्र दुखत असेल, किंवा पळून झाल्यावर आणि रात्रीही दुखत असेल, तर थांबा आणि हाडांच्या डॉक्टरकडे जा. छातीत दाब, चक्कर, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, यात तर घरी बसून वाट बघायचीच नाही. चाळिशी ओलांडली असेल, बीपी किंवा शुगर असेल तर सुरू करायच्या आधीच तपासून घ्या.

आणि बायकांनो, हळू पळूनही, दोन-तीन महिने होऊनही जिना चढताना धाप लागते, केस गळतायत, सारखं थकल्यासारखं वाटतं, तर हिमोग्लोबिन तपासा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (२०१९-२१) देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायकांना ॲनिमिया निघाला होता. माझं ९.४ निघालं. मी चार महिने स्वतःला आळशी म्हणत होते आणि कमी होतं ते लोह. गोळ्या सुरू झाल्यावर तोच रस्ता वेगळाच वाटायला लागला.

पायांना बळ द्यायला वेगळा तास काढू नका. कुकरच्या तीन शिट्ट्या होईपर्यंत ओट्याला धरून टाचा वर-खाली, रोज, एवढं केलं तरी पोटऱ्यांना फरक पडतो. शूजवर मात्र कंजुषी नको, जुने कॉलेजचे किंवा बाजारातले नुसते स्टायलिश नको, रनिंगचेच घ्या, पायाच्या अंगठ्यापुढे बोटभर जागा ठेवून, आणि शक्यतो संध्याकाळी घ्या कारण दिवसभरात पाय थोडे सुजतात. तसंच चांगली स्पोर्ट्स ब्रा, ही चैन नाही.

रस्ता, पाऊस, उकाडा

मी ठाकुर्लीच्या नव्वद फुटी रस्त्यावर जाते, सकाळी चालणाऱ्यांची वर्दळ असते म्हणून सुरक्षित वाटतं. दादरला शिवाजी पार्क, कोल्हापुरात रंकाळा, पुण्यात तळजाई, जिथे माणसं असतात तिथे पळा. रस्त्यावर पळत असाल तर उजव्या बाजूने, म्हणजे समोरून येणारी गाडी दिसते, आणि एका कानात तरी काही घालू नका. कुत्रं मागे लागलं तर पळणं थांबवून चालायला लागा, नजरेला नजर देऊ नका.

आपल्याकडे एप्रिल-मे आणि ऑक्टोबरमध्ये हवा इतकी दमट असते की घाम सुकत नाही आणि शरीर थंड होत नाही, तेव्हा वेग आपोआप पडतो, त्याला फिटनेस गेला असं समजू नका. पावसात साचलेल्या पाण्यात पाय घालायचा नाही, खाली काय आहे ते दिसत नाही, आणि ओल्या पेव्हर ब्लॉकवर हमखास घसरायला होतं. खूपच कोसळत असेल तर बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये वीस मिनिटं फेऱ्या मारा. ओले शूज उन्हात किंवा गीझरजवळ नको, आतलं सोल काढून वर्तमानपत्राचे बोळे भरा, तासाभराने बदला, सकाळपर्यंत वाळतात.

राहता राहिलं इव्हेंटचं. दोन महिने पळालं की ग्रुपमध्ये कुणीतरी म्हणतं जानेवारीत मुंबई मॅरेथॉन आहे, हाफ भर. हाफ म्हणजे २१ किलोमीटर. त्याच्या तयारीला रविवारचे दोन-दोन तास लागतात आणि ते तुमच्या घरात सध्या आहेत का ते आधी बघा. पहिल्या वर्षी जवळपासची ५ किंवा १० किलोमीटरची रन भरा, त्याचा सराव त्याच तीन दिवसांत बसतो, फक्त रविवारचा वेळ हळूहळू पाऊण तास, मग तासभर करायचा.