भराव टाकण्यापूर्वी पाण्याची वाट ओळखा

शहराच्या कडेला प्लॉट घेतला, की बहुतेकांचे पहिले काम म्हणजे मुरूम टाकून तो रस्त्यापेक्षा उंच करणे. माझा आग्रह असा आहे की मुरमाचा पहिला डंपर येण्यापूर्वी एक पावसाळा, ते शक्य नसेल तर निदान एक जोरदार सर, त्या जागेवर उभे राहून पाहावी आणि पाणी कोठून शिरते व कोठून बाहेर पडते या दोन ठिकाणी खुंट्या ठोकाव्यात. पुढचे बहुतेक नियम याच दोन खुंट्यांभोवती फिरतात.

त्यानंतर गावनकाशा आणि विकास आराखडा समोर ठेवून ओढे-नाले तपासावेत. नांगरटीने बुजलेला ओहोळ उन्हाळ्यात दिसत नाही, पण नकाशावर त्याची रेघ असू शकते, आणि शेजारच्या जुन्या शेतकऱ्याला तो नक्की आठवत असतो. पुण्यात २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबील ओढ्याला आलेल्या पुराने वस्त्यांमध्ये जो हाहाकार उडवला, तो पाहिलेल्या माणसाला ओढ्याची रेघ क्षुल्लक वाटणार नाही.

मुंबई महानगरपालिका व काही विशेष क्षेत्रे वगळता राज्यात २०२० पासून एकत्रिकृत विकास नियंत्रण आणि प्रोत्साहन नियमावली, म्हणजे बांधकामाची सामाईक नियमावली, लागू आहे. तिच्यानुसार नाल्यासारख्या लहान प्रवाहाच्या उच्चतम पाणीपातळीच्या कडेपासून ठरावीक अंतराच्या आत बांधकामाला सहसा परवानगी मिळत नाही. सखल जमिनीतून जाणाऱ्या आणि ठळक काठ नसलेल्या प्रवाहाला बांधकाम परवानगी देणारे प्राधिकरण ठरवून देईल त्या मार्गाने व त्या मापाने वळवता येते, मात्र पाणी आत येण्याची आणि बाहेर जाण्याची जागा बदलता येत नाही. मला हा या विषयातील सर्वांत शहाणपणाचा नियम वाटतो, कारण आपल्या हद्दीत आपण काहीही केले तरी शेजाऱ्याला पाणी पूर्वीच्याच जागी मिळते. नदीकाठच्या प्लॉटसाठी जलसंपदा विभागाच्या निळ्या व लाल पूररेषा पाहाव्यात. त्या अनुक्रमे २५ आणि १०० वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराच्या असतात.

जोत्याची उंची सभोवतालच्या जमिनीपासून किमान ३० सेंटिमीटर लागते. घराभोवतालचा उतार भिंतीपासून दूर, बाहेर जाण्याच्या खुंटीकडे द्यावा. पाण्याने भरलेली पारदर्शक नळी दोन टोकांना धरली, तरी पातळीतला फरक अचूक कळतो. पाण्याचे प्रमाण हिशेबाने समजून घ्यावे: ३०० चौरस मीटरच्या प्लॉटवर ५० मिलिमीटर पाऊस पडला, तर १५,००० लिटर पाणी जमा होते, म्हणजे मोठ्या टँकरभर पाणी. सगळीकडे काँक्रीट केले, तर ते सारे फाटकातून रस्त्यावर किंवा शेजाऱ्याच्या अंगणात जाते. म्हणून काही जमीन उघडी ठेवावी आणि शोषखड्डा घ्यावा. ५०० चौरस मीटर व त्याहून मोठ्या प्लॉटवरील नव्या बांधकामाला पर्जन्यजल संधारणाची सोय बंधनकारकच आहे. छताचे पाणी मैल्याच्या ड्रेनेजला कधीही जोडू नये, कारण भर पावसात तेच पाणी खालच्या घरातल्या चेंबरमधून मैल्यासह वर येते.

मुरूम हे गौण खनिज आहे. पुरवठादाराकडून स्वामित्वधन (सरकारला द्यायची रॉयल्टी) भरल्याची पावती आणि वाहतूक परवाना मागून घ्यावा.

शेजाऱ्याशी भराव टाकण्यापूर्वीच बोलावे. वरच्या जमिनीवर पडलेले पाणी खालच्या जमिनीने नैसर्गिकरीत्या वाहू द्यावे, हे तत्त्व १८८२ च्या सुविधाधिकार (ईझमेंट) कायद्यातच आहे, म्हणून खालच्या बाजूच्या मालकाने बांध घालून ते वर तुंबवणे चुकीचे. आणि वरच्या मालकाने पाइप टाकून सारे पाणी एका धारेत खाली सोडले, तर ते नैसर्गिक वाहणे राहत नाही. शेतजमिनीत असा अडथळा झाल्यास मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ च्या कलम ५ खाली तहसीलदारांकडे दाद मागता येते. अडथळा निर्माण झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत अर्ज करावा लागतो, त्यामुळे भरावापूर्वीच्या जागेची तारखेसह छायाचित्रे त्या दोन खुंट्यांसकट काढून ठेवावीत.